आक्कांच्या शिखरजीवर मी आणलेलं धुकं

मी आयुष्यात कधी बेल्जियमला गेलेलो नाही. तरीही निवृत्त झाल्यापासून मी बेळगाव-निपाणी भागात त्या मुलुखातल्या पाच-सहाशे वर्षांपूर्वीच्या सचित्र पोथ्यांवर व्याख्यानं देत फिरतो, आणि आजवर कुणी मला पासपोर्ट दाखवा म्हणालेलं नाही. याचं श्रेय माझ्या अभ्यासाला नाही. आमच्याकडे व्याख्यानानंतर उप्पीट असतं.

तीस वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली. म्हणजे दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि खाली एक वाकडी नदी, हे हजारो मुलांच्या वहीत तपासून खाली सही केली. निवृत्तीनंतर टिळकवाडीतल्या फ्लॅटमध्ये बसून करायचं काय, म्हणून संगणक शिकलो, आणि एक दिवस या पोथ्यांवर येऊन धडकलो. परदेशी संग्रहालयांनी त्यांची पानं इंटरनेटवर अशी ठेवलीत की वाटेल तेवढी मोठी करून बघावीत. तळहाताएवढं पान, आणि त्यात अख्खा गाव. मी बघत बसायचो आणि आत दूध उतू जायचं. बायकोनं शेवटी दुधाचं काम स्वतःकडे घेतलं.

ही खरं तर प्रार्थनेची पुस्तकं. श्रीमंत घरातल्या माणसांनी दिवसाच्या कोणत्या प्रहरी काय म्हणायचं ते त्यात लिहिलेलं. सुरुवातीला बारा महिन्यांची पानं, आणि प्रत्येक महिन्याला एक चित्र: नांगरट, मेंढ्यांची कातरण, गवताची कापणी, बर्फात धूर सोडणारं घर. अगदी जुन्या पोथ्यांत आकाशाच्या जागी सोन्याचा वर्ख असतो. तिथं वेळ नाही, ऋतू नाही, जवळ-लांब नाही. पुढं पुढं त्या फ्लेमिश, म्हणजे त्याच मुलुखातल्या, चित्रकारांनी सोनं काढलं आणि आकाश आणलं. वर गडद निळं, खाली येता येता फिकट, क्षितिजापाशी जवळजवळ दुधाचं. पायाजवळची माती तपकिरी, मधली शेतं हिरवी, लांबचे डोंगर निळे. म्हणजे त्यांनी चक्क हवा रंगवली. सोनं मात्र पूर्ण गेलं नाही. त्याची पूड शिंपल्यात डिंकात कालवून, केसाएवढ्या रेघेनं, ऊन पडलेल्या पानाच्या कडेला लावली.

व्याख्यानात या ठिकाणी मी थांबतो आणि चष्मा काढतो. मग आवाज खाली आणून सांगतो की या पानांचे खालचे कोपरे काळे पडलेले आहेत, कारण तिथं पिढ्यान्‌पिढ्या कुणाचा तरी अंगठा टेकलाय. हा मळ मला सोन्याहून मोलाचा वाटतो, असं मी म्हणतो. सभागृह गप्प होतं. मला हे वाक्य फार आवडतं. त्याचा अर्थ मला कळला होता की नाही, ते आता सांगतो.

मी मूळचा निपाणीचा. आमच्या शेजारी एक जैन कुटुंब होतं, तंबाखूचा व्यापार आणि थोडी शेती. त्या घरातला मुलगा माझ्या वर्गात. तो आजही माझा दोस्त आहे आणि आजही मला मास्तर म्हणतो, पण त्या शब्दात आदर किती असतो ते ऐकणाऱ्यानं ठरवावं. त्याच्या आईला सगळी गल्ली आक्का म्हणते. त्या घरात दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची, त्यामुळं मी लहानपणी तिथं सहाला जेवायचो आणि आमच्या घरी आठला पुन्हा. माझी तब्येत पाहिली की लोकांना ते अजून कळतं.

आक्कांच्या देवघराला लागून एक खोली आहे. तिथल्या भिंतीवर सम्मेद शिखरजीचं चित्र, खिडकीच्या दारापेक्षा थोडं मोठं, काचेच्या चौकटीत. शिखरजी म्हणजे लांब झारखंडातला डोंगर. वीस तीर्थंकर तिथून मोक्षाला गेले. एकेका शिखरावर पादुकांचं पांढरं देऊळ आहे, त्याला टोंक म्हणतात. आक्कांना तिथं कधी जायला मिळालं नाही. एकदा पोराला गोवर आला, एकदा मालक आजारी पडले, नंतर गुडघे गेले. मालकांनी मग निपाणीतल्याच, बिडीच्या बंडलावरची लेबलं काढणाऱ्या एका पेंटरकडून हे चित्र काढून घेतलं. अख्खा डोंगर हिरव्या लाडवासारखा. वीसच्या वीस टोंका सारख्याच आकाराच्या, पांढऱ्या, वर लाल ध्वज. पायथ्याची जेवढी, तेवढीच पार पलीकडची. आकाशात सूर्य आणि चंद्र दोघेही हजर. चित्रकलेच्या परीक्षेत मी त्याला पस्तीस दिले असते, तेही नापास करायला नको म्हणून.

रोज सकाळी अंघोळ झाली की आक्का त्या चित्रासमोर पाटावर बसतात. काचेवर पायथ्याशी बोट ठेवतात आणि वाटेनं हळूहळू वर चढतात. प्रत्येक टोंकेशी थांबून नाव घेतात, ताटलीत चिमूटभर अक्षता ठेवतात, पुढं जातात. शेवटची टोंक झाली की तशाच बोटानं खाली उतरतात. तासभर लागतो. खाली उतरल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब नाही. हा नेम चाळीस वर्षांचा. आता त्या पंच्याऐंशीच्या पुढं आहेत.

दिवाळीच्या आधी दोस्ताचा फोन आला. पावसात कौल सरकलं, पाणी भिंतीवरनं उतरलं आणि चित्राच्या खालच्या कोपऱ्यात तपकिरी डाग पडला. तळहाताएवढं काम होतं. तू मास्तर हायस की, जरा रंग लाव, म्हणाला.

मी रंगपेटी घेऊन गेलो. आधी चित्राचा फोटो काढला, कारण पद्धत म्हणजे पद्धत. मग काच उतरवली. तिच्यावर पिवळट, तेलकट रेघांचं जाळं होतं. मी वर्तमानपत्राचा बोळा ओला करून ती काच अशी घासली की तिचा आवाज यायला लागला. वहिनी, म्हणजे दोस्ताची बायको, म्हणाल्या की काच आहे की नाही तेच कळेना. मला बरं वाटलं.

पहिल्या दिवशी मी डाग झाकला. तिथंच परत फिरायला हवं होतं. पण मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कांची यात्रा झाली. वाटेत एकदोनदा त्यांचं बोट अडखळल्यासारखं झालं. मी ते पाहिलं आणि म्हातारपण म्हणून सोडून दिलं. दुपारी कोपरा वाळला का बघायला चौकट पुन्हा खाली घेतली. खिडकीतून छान ऊन येत होतं. आणि मला वाटलं, या बिचाऱ्या डोंगराला हवाच नाही.

मी दोष त्या पोथ्यांना देत नाही. दोष माझा. पांढऱ्यात थोडा निळा मिसळला, भरपूर पाणी घातलं आणि पलीकडच्या रांगेवर एक पातळ हात फिरवला. काय सांगू, डोंगर एकदम मागं सरकला. म्हटलं अजून एक हात. मग डावीकडून ऊन आणलं, उजवीकडं सावल्या टाकल्या. पलीकडच्या पाच टोंका हळूहळू लांब, लांब, पहाटेच्या धुक्यात विरून गेल्या. मी स्वतःशी गुणगुणत होतो.

माझा रंग होता अॅक्रिलिक. अर्ध्या तासात वाळतो आणि नंतर पाण्यानं हलत नाही. खालचा जुना रंग सरसात कालवलेला, त्याला नुसतं ओलं बोट लावलं तरी निघतो. म्हणजे वरचा काढायला गेलं तर खालचा आधी जाणार. हा फरक मी आठवीच्या मुलांना दर वर्षी शिकवायचो आणि चुकणाऱ्याला वर्गाबाहेर उभं करायचो.

संध्याकाळी घरच्यांनी चित्र पाहिलं. मास्तर, उटीला गेल्यागत वाटतंय की रं, असं दोस्त म्हणाला, ते मी कौतुक म्हणून घेतलं. आक्कांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. त्यांनी लांबूनच पाहिलं आणि डाग गेला की, बरं झालं, एवढंच म्हणाल्या. मी सदतीस फोटो काढले आणि शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी पकडून बेळगावला आलो. वाटेत नवीन व्याख्यानाचं नावसुद्धा सुचलं होतं. ते आता सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास दोस्ताचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

"मास्तर, आक्का उठंना झाल्यात."

मी विचारलं, "म्हणजे? काय झालं?"

"तसं न्हाय. चित्रापुढनं उठंना झाल्यात. चार टोंका झाल्या. पाचवी सापडंना. पाणी न्हाय, गोळी न्हाय. तू काय करून ठेवलास रं?"

आता इथं मी काय केलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो की मी डॉक्टरकडे आलोय, तासाभरानं करतो फोन. मी घरीच होतो. समोर चहा होता. मला फक्त तेवढा एक तास हवा होता, ज्यात हे आपोआप मिटेल. तो तास मी मोबाइलमध्ये 'आधी'चा फोटो शोधण्यात घालवला. तो एकच होता. मी काढला तेव्हा काच जागेवर होती, आणि मोबाइलचा फ्लॅश नेमका पलीकडच्या रांगेवर चमकून तिथं एक पांढराफेक गोळा झाला होता. धुकं आणायच्या आधीच मी तिथं ऊन पाडून ठेवलेलं. 'नंतर'चे सदतीसच्या सदतीस मात्र स्वच्छ होते.

साडेअकराला निपाणीवरून जाणाऱ्या कोल्हापूरच्या गाडीत बसलो. काकती मागं पडेपर्यंत मी मनात सबबी जुळवत होतो. मग उगाच मोबाइल उघडून त्या पोथ्यांची पानं बघायला लागलो. सवय. एका पानावरचा लांबचा निळा डोंगर दोन बोटांनी मोठा केला. त्या निळ्यात एक गाव होतं. त्या गावात देऊळ, देवळाला खिडक्या, खिडक्यांना गज. बाजूला पवनचक्की, तिचे चारी हात मोजता येत होते. वाटेवर घोडा हाकणारा माणूस, तांदळाच्या कणीपेक्षा लहान, आणि त्याच्या डोक्यावर टोपी. सगळं निळं, आणि सगळं स्पष्ट. एकही गोष्ट त्या चित्रकारानं पुसली नव्हती. लांब आहे म्हणून त्यानं कुणाला सोडलं नव्हतं.

दोन वर्षं मी त्या निळ्या रंगावर बोलत होतो. तवंदीच्या घाटात खिडकीतून बाहेर पाहिलं तर पाऊस नुकताच संपलेला, लांबचे डोंगर निळे, आणि एका माथ्यावरचं एकटं झाड पानापर्यंत दिसत होतं. मोबाइल खिशात ठेवला. पुढं निपाणीपर्यंत काही पाहिलं नाही.

वहिनींनी दार उघडलं. पाण्याचा तांब्या पुढं केला. मला तो घेववेना. आत आक्का पाटावर बसलेल्या. समोर चित्र, ताटलीत अक्षतांच्या चार ढिगल्या. दोस्त दाराच्या चौकटीला टेकून उभा.

"या, हवामान खातं आलं," तो म्हणाला.

सकाळपासून काय काय करून झालं ते त्यानंच सांगितलं. मंदिरातल्या उपाध्यांना फोन लावला, त्यांनी मनात भाव असला की पुरे म्हणून सांगितलं. आक्का म्हणाल्या, सांगणाऱ्याला काय जातंय. नातीनं मोबाइलवर शिखरजीचा नकाशा काढून दिला. आक्का म्हणाल्या, ही वाट माझी न्हाय. चाळीस वर्षं त्या ज्या वाटेनं गेल्या त्या वाटेवर तिसऱ्या वळणाला डोलीवाले होते, पुढं एक माकड, मग काळा दगड. बिडीच्या लेबलवाल्या पेंटरनं ते सगळं काढलं होतं. मी ते सगळं धुक्यात घातलं होतं.

मी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसलो. आक्का, माझं चुकलं, म्हणालो. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता, त्यामुळं जास्त वाईट वाटलं.

"सकाळपास्नं डोंगरावर उभी हाय रं मी," त्या म्हणाल्या. "वर जाईना, खाली येईना. अर्ध्यातनं उतरायचं नस्तंय."

"आक्का, काचेवर रेघा होत्या. तुमच्या बोटाच्या."

"व्हय. डोळं गेल्तं तवा त्याच्यावरच चालत होते."

दोस्त छताकडं बघायला लागला. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, एक कबूल केलं की दुसरंही बाहेर पडतं. मागं एकदा मी त्या परदेशी पोथ्यांची छापील चित्रं आक्कांना दाखवली होती. त्यांना मेंढ्या फार आवडल्या होत्या. कागद कसला म्हणून त्यांनी विचारलं, तर मी जाड कागद म्हणून सांगितलं होतं. खरं तर ती पानं वासराच्या कातड्याची. तेही मी त्याच वेळी सांगून टाकलं.

"मास्तर, ही येळ हाय व्हय सांगायची?" दोस्त म्हणाला. वहिनी तोंडाला पदर लावून आत गेल्या. आक्कांनी डोळे मिटले, काहीतरी पुटपुटल्या आणि मला विचारलं, "आता अजून काय ऱ्हायलंय का?"

नाही म्हणालो.

"मग ब्रश घे."

तेव्हा तीन वाजून गेले होते. खोलीला खिडकी एकच, पश्चिमेची. दिवस मावळला की आक्का काही घेत नाहीत, मग थेट दुसऱ्या दिवशीचा सूर्य. म्हणजे आमच्याकडं खिडकीत ऊन होतं तेवढाच वेळ. चौकट भिंतीवरून काढून पाटावर टेकवली, काच बाजूला केली. आक्कांनी डोळे मिटले आणि बोट पायथ्याशी ठेवलं. झालेल्या चार टोंका पुन्हा झाल्या, कारण मधून कुणी चढतं का? चौथीच्या पुढं बोट माझ्या धुक्यात शिरलं. हळूहळू सरकलं, एके ठिकाणी थोडं वर उचललं गेलं, जणू पायरी असावी, आणि थांबलं.

"हितं."

बोट सरकवलं तसा मी त्याच्यामागून सगळ्यात बारीक ब्रश टेकवला. पांढरं देऊळ, लाल ध्वज. तांदळाच्या दाण्याएवढं काढायला गेलो तर दोस्त मागून म्हणाला, मोठी काढ, बाकीच्यांएवढी. तशी काढली. आक्कांनी नाव घेतलं, अक्षता ठेवल्या, पुढं निघाल्या. सहावी. सातवी. मध्ये माकड कुठं होतं तेही त्यांनी सांगितलं, आणि मी आयुष्यात काढलेलं सर्वात वाईट माकड तिथं काढलं. आठवी. खिडकीतलं ऊन भिंतीवरून वर सरकत होतं. आक्कांचे ओठ कोरडे पडलेले दिसत होते.

नववी म्हणजे चंद्रप्रभू तीर्थंकरांची टोंक. शिखरजीला जाऊन आलेले सांगतात की ती एका बाजूला, फार लांब आहे. तिथं पोचता पोचता पाय मोडतात. चित्रातही ती अगदी टोकाला होती. आक्कांचं बोट आठवीवरून निघालं, बराच वेळ चाललं आणि थांबलं. मग दोन बोटं पुढं गेलं. मग मागं आलं.

"हितं का रं?" त्यांनी डोळे उघडले. "का जरा पुढं?"

मी चित्राकडं पाहिलं. सगळं दुधासारखं. मला काहीही आठवत नव्हतं. मी त्या टोंकेकडं रंगवताना नीट पाहिलंसुद्धा नव्हतं, ती फक्त 'लांब' होती. खिडकीच्या गजांमधून ऊन तांबूस व्हायला लागलेलं. दोस्त घड्याळाकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघत होता.

"इथंच आक्का," मी म्हणालो. "मला पक्कं आठवतंय. इथंच होती."

आक्का माझ्याकडं बघत राहिल्या. मग बरं म्हणाल्या. मी टोंक काढली, त्यांनी नाव घेतलं. पुढच्या टोंका या अंगाच्या, त्यांना माझा हात लागला नव्हता. त्या भराभर झाल्या. आक्का खाली उतरल्या तेव्हा खिडकीत उन्हाची एक पट्टी उरली होती. वहिनींनी तांब्या दिला, त्या पाणी प्यायल्या, चार घास भात खाल्ला, गोळी घेतली. दोस्तानं माझ्या पाठीवर थाप मारली. लई काम केलास, म्हणाला. जाताना वहिनींनी शेंगाचटणीची पुडी दिली. मी ती घेतली. हेही लिहून ठेवतो.

गाडीत मी स्वतःला समजावलं की मी खोटं बोललो ते चांगल्यासाठी. म्हातारं माणूस, दिवसभर उपाशी, दोन बोटांनी काय फरक पडतो. तवंदी घाट ओलांडेपर्यंत हे पटलं. पुढं पटेना. दोन बोटांनी काय फरक पडतो हे म्हणणारा मी कोण? दोन बोटांसाठी तर ती बाई दिवसभर पाण्याविना बसली होती.

दिवाळीच्या पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा निपाणीला गेलो. मुद्दाम सकाळी. आक्का अजून अंघोळीला होत्या. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, तुम्हाला सांगू नका म्हणाल्यात, पण तुम्ही गेल्याच्या दुसऱ्या दिवशी आक्कांनी उपास धरला होता. कशाचा उपास, ते मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

मला जे कळायचं ते कळलं. उपास टळावा म्हणून मी खोटं बोललो, आणि त्या खोट्याचा म्हणून त्यांना आणखी एक उपास पडला.

मी चित्रापाशी गेलो. सकाळी त्या खोलीत सूर्य थेट येत नाही, पण दारातून अंगणातला उजेड तिरपा भिंतीवर पडतो. मी याआधी तिथं दुपारचाच रंगवत होतो. त्या तिरप्या उजेडात माझ्या धुक्याखालचा जुना रंग उंचवट्यासारखा दिसत होता. लेबलवाल्या पेंटरनं पांढरा चांगला जाड लावला होता. नवव्या टोंकेचा घुमट, कळस, ध्वजाची काठी, सगळं होतं. मी काढलेल्या टोंकेपासून बरोबर दोन बोटं पुढं. डोळ्यांना सहज दिसलं नसतं, पण कुणी बोट फिरवलं असतं तर लागलं असतं. काच तेव्हा बाजूलाच होती, बोट थेट रंगावर होतं.

आक्का आल्या. मला बघून आलास का म्हणाल्या आणि पाटावर बसल्या. काच परत बसवलेली होती, तिच्यावर नवीन रेघा उमटायला लागल्या होत्या, अजून अगदी फिकट. बोट पायथ्यावरून निघालं. मी मागं उभा राहून बघत होतो. पाच, सहा, सात, आठ. आठवीवरून बोट लांब चाललं, माझ्या टोंकेशी आलं आणि थांबलं. आता त्या इथंच नाव घेणार, असं वाटलं. पण आक्कांनी नाव घेतलं नाही. अक्षताही ठेवल्या नाहीत. नुसत्या थांबल्या, दोनतीन श्वास घेतले. मग बोट दोन बोटं पुढं गेलं, जिथं काहीच दिसत नव्हतं, आणि तिथं त्यांनी चंद्रप्रभूंचं नाव घेतलं, अक्षता ठेवल्या, कपाळ टेकवलं.

खाली उतरल्यावर पाणी पिऊन झालं, तेव्हा मी म्हणालो, आक्का, त्या दिवशी मला काही आठवत नव्हतं.

"म्हाईत हाय."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तू लई घाबरलेलास." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मला बी भूक लागल्ती. दोघं मिळून केलं ते. उपास मी केला."

मी म्हणालो की मी आत्ताच ती चुकीची टोंक बुजवतो, रंगपेटी आणली आहे, आणि खालची वर काढतो. खरोखरच उठलो होतो.

"ऱ्हाऊ दे," आक्का म्हणाल्या. "तू आता त्याला हात लावू नको. तुझ्या टोंकेवरनं कोण मोक्षाला गेलेलं न्हाय, पर वाट लांबची हाय रं. तिथं मी जरा बसते. पाय दुखत्यात."

आणि त्या भिंतीला धरून उठल्या, अक्षतांची ताटली घेऊन आत गेल्या.